कमी दाखवणारा मीटर

माझे सगळे व्यवहार बायकोला माहीत आहेत. कोणाला कुठे दाबलं, कोणाकडून काय काढलं, सगळं तिला सांगतो. मी फसलो, हे मात्र कधी सांगितलेलं नाही. आणि ही गोष्ट तर तिलाही नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगतोय. आजच का, ते मला नीट कळत नाही.

शहापूरला माझं मशिनरीच्या सामानाचं दुकान आहे. कोणी हात दिला नाही, स्वतः उभं केलं. आई धसईच्या बाजारात भाजी विकायची. तिच्या शेजारी गोणपाटावर बसून मी भाव करायला शिकलो. समोरचा कुठवर ताणेल, हे मला तो बोलायच्या आधी कळतं. रागीट आहे, असंही लोक सांगतील. आहे.

मी इंजिनिअरिंगला असताना कॉलेजात रेसिंग कारची टीम होती. पोरांनी गाडी स्वतः बांधायची आणि स्पर्धेला न्यायची. मला टीममध्ये घेतलं ते खरेदीसाठी. आमचा कॅप्टन कल्याणचा, वडिलांची कंपनी होती. बेअरिंग आणायला पाठवताना म्हणायचा, "ए भाजीवाल्या, वर कोथिंबीर फुकट माग हां." सगळे हसायचे. मीही हसायचो — काय करणार? ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण हे त्याच्याबद्दल नाही. त्याच्याबद्दल असतं तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो.

हे प्रज्ञाबद्दल आहे.

प्रज्ञा भातसानगरची, वडील धरणावर नोकरीला. टीममध्ये मला नावाने हाक मारणारी ती एकटी. गाडीचा सायलेन्सर तिने बनवला होता. ते काम वाटतं तेवढं साधं नाही. स्पर्धेत गाडी पळायच्या आधी तिच्या आवाजाची परीक्षा होते. धुराच्या नळीजवळ तिरका माइक लावतात, इंजिन ठरलेल्या वेगावर धरून ठेवायला सांगतात आणि आकडा बघतात. आकडा मर्यादेच्या वर गेला तर गाडी ट्रॅकवर जात नाही. मग ती कितीही चांगली असो.

स्पर्धेआधी कॉलेजातच मोजून बघायचं तर आवाजाचा मीटर हवा. चांगला मीटर महाग होता. मी म्हणालो, मी आणतो. मुंबईला जाऊन एका दुकानदाराशी अख्खी दुपार भांडलो, दोनदा पायरी उतरलो, शेवटी त्यानेच मागून हाक मारली. इतक्या स्वस्तात आणला, की कॅप्टनने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी तो मला भाजीवाला म्हणाला नाही.

प्रज्ञाच्या सायलेन्सरचा आकडा या मीटरवर मर्यादेच्या बराच खाली आला. कॅप्टन खूश. एवढी जागा आहे तर सायलेन्सर कापून छोटा कर, वजन वाचेल, असं त्याने तिला सांगितलं. ती म्हणाली, विचार करते.

त्याच आठवड्यात गावात एक हळद होती. डीजेवाला ओळखीचा. पोलीस आवाज मोजायला येतात म्हणून त्याने स्वतःचा चांगला मीटर ठेवला होता. मी गंमत म्हणून माझा त्याच्या शेजारी धरला. माझा कितीतरी कमी दाखवत होता. सेल बदलले — तेच. जागा बदलली — तेच. डीजेवाला हसायला लागला. "तुझा मीटर पोलिसांना दे रे, आमचं तरी भलं होईल! कोनी गंडवला तुला?"

मी मीटर खिशात टाकला आणि जेवायला बसलो.

गंडवला. मला. तुम्ही म्हणाल, एवढंच ना? दुसऱ्या दिवशी सांगून टाकायचं. हो, एवढंच होतं. पण कॅप्टनचं तोंड डोळ्यांसमोर आलं, आणि ती कोथिंबीर. मी गप्प राहिलो. वाटलं, प्रज्ञा नाहीच कापणार.

पण तिने मला वर्कशॉपच्या दारात गाठलं आणि सरळ विचारलं, "मीटर बरोबर हाय ना रे? एकदा कापला की मग काय नाय."

असं विचारल्यावर खोटं बोलायला काहीतरी लागतं. मी राग वापरला. "मी आणलेली वस्तू कधी खोटी निघाली? तुला पण मी भाजीवालाच वाटतो का?" असं ओरडलो, की आतली पोरं बघायला लागली. ती ओशाळली. "तसं नाय रे, सॉरी," म्हणाली. माझी माफी मागितली तिने. आणि आत जाऊन सायलेन्सर कापला. मी दारातच उभा होतो. ग्राइंडरचा आवाज थांबेपर्यंत मला बोलता आलं असतं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. स्पर्धेत आकडा वर गेला. दुसऱ्यांदाही गेला. प्रज्ञाने आवाज दाबायला नळीत ग्लासवूल, काचेचा कापूस, कोंबून पाहिलं, हात भाजून घेतला. पुन्हा गेला. आणि वेळ संपली. बाकीच्या गाड्या पळाल्या. आमची ताडपत्रीखाली उभी.

कॅप्टन अजून काही बोललाही नव्हता. मीच बोललो. सगळ्यांसमोर. "मी हिला सांगत होतो, कापू नको."

हे मी कधी सांगितलं होतं? कधीच नाही.

ती म्हणाली, "मीटरवर तर बसत होतं..." मी तिला पुरं बोलू दिलं नाही. "मीटरला काय धाड भरलीये? स्वतःचं वेल्डिंग बघ आधी." मग बाकीचे सुरू झाले. तिने पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत सगळं ऐकून घेतलं.

पुढच्या वर्षी तिला इंजिनला हात लावू दिला नाही. पोस्टर बनवायला दिली. तिने टीम सोडली. मीटर मी विकून टाकला, घेतला त्याहून चांगल्या भावात. विकताना 'एकदम बरोबर दाखवतो' असंच म्हणालो.

मला आतून जळतंय वगैरे, असं काही नाही. दुकान उघडतो, जेवतो, झोपही लागते. काही वाटत नाही, हेच जास्त विचित्र वाटतं.

परवा ती मुरबाडच्या एसटी स्टँडवर भेटली. शाळेत गणित शिकवते. मुलगी सोबत होती. "हा बघ, माझ्या कॉलेजातला," असं तिला म्हणाली. मग मला म्हणाली, "माझ्यामुळे तुमचं सगळ्यांचं वर्ष गेलं रे. तू तेव्हा तोंडावर बोललास. बाकीचे पाठीमागं बोलत राहिले. तुझं मला कधी वाईट नाय वाटलं."

तेव्हा सांगता आलं असतं. गाडीला वेळ होता, घाई नव्हती, आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "जाऊ दे गो, झालं ते झालं. मी कधीच मनावर घेतलं नाय."

ती हसली. तिला बरं वाटलेलं दिसलं.