जनेलाची दोरी

दोरीचं एक टोक चपलेखाली दाबायचं, दुसरं मुठीला गुंडाळायचं आणि हातातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत चढेस्तोवर ओढायचं. मग दोरी काउंटरवर टाकून माझ्या तोंडाकडे बघत म्हणायचं, "म्हाका दुबाव आसा."

दुबाव म्हणजे शंका. डिचोलीच्या बाजारात माझं खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे, आणि माणूस दुकानात शिरताना काय घेणार आणि कशावरून भांडणार हे मला साधारण कळतं. ही दोरी ओढणारी बाई मात्र नव्या कोऱ्या कुलपाची पेटी उघडली तरी आत कुलूपच आहे ना, म्हणून वाकून बघायची. पाववाल्या पोदेराचे उंडे दाबून बघितल्याशिवाय टोपलीतून बाहेर यायचे नाहीत. देवळात भटजींनी हातावर तीर्थ घातलं तरी आधी वास घेतील, असं आम्ही त्यांच्या पाठीमागे म्हणत असू. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असणार. त्यांच्यापुढे आपण काही केलेलं नसतानाही चोरासारखं वाटू लागतं.

मी त्यांना काकी म्हणायचो. त्या मला 'रे' म्हणायच्या, आणि फार रागात असल्या तर 'शेट'.

त्यांचं घर रस्त्याला लागून होतं. पोर्तुगीज अमलात कुणा साहेबाने बांधलेलं, त्यामुळे रस्त्याकडची जनेलं, म्हणजे खिडक्या, आपल्यासारखी दोन दारांची नव्हती. काचेची अख्खी चौकट वर सरकायची आणि खाली यायची. दोन्ही बाजूंना लाकडाच्या पोकळीत लोखंडी वजनं लोंबत असतात, त्यांना बांधलेली दोरी वरच्या कप्पीवरून येऊन चौकटीला धरते. त्या वजनांमुळेच जनेल हलक्या हाताने वर जातं आणि सोडाल तिथे थांबतं. दोरी तुटली तर मात्र ते धाडकन खाली येतं. गोवा मुक्त झाल्यावर अशा बऱ्याच घरांतून लोकांनी ही जनेलं ठोकून कायमची बंद केली. काकींनी केली नाहीत. त्या दोरी घ्यायला माझ्याकडे यायच्या.

दोरी घेण्यात काही वावगं नाही. पण अशी सुती दोरी वर्षानुवर्षं टिकते. मये गावातल्या एका घरात मी तशीच दिली होती, ते लोक पुन्हा कधी दिसले नाहीत. काकी मात्र दिवाळीनंतर घेऊन जायच्या आणि माघ संपायच्या आत झिजलेला तुकडा काउंटरवर आपटायच्या.

"कुसकी दोरी दिली तुवें म्हाका."

"काकी, ही दोरी वर्सांनी वर्सां काडटा."

"म्हणजे हांव फट मारतां?"

मी खोटं बोलते का, असं त्यांनी तोंडावर विचारल्यावर मी नवी दोरी मोजून द्यायचो. पण खरं सांगायचं तर मला तसंच वाटत होतं. पावसाळ्यात त्या फिरकत नसत, दोरीला काही होत नसे, आणि कोरडे दिवस आले की झिजायला लागे. जनेल काय ऋतू बघून चालतं? शेजारच्या चहावाल्याने छडा लावून टाकला, की काकींचा भाऊ लाटंबार्श्याला आहे, त्याचं काजूचं भाट म्हणजे बाग आहे, दोरी तिकडे जाते आणि मोसम संपला की परत येते. मला ते पटलं. आपल्याला जे पटवून घ्यायचं असतं ते फार लवकर पटतं.

पुढच्या खेपेला मी दोरीच्या पिळात एक तांबडा धागा गुपचूप ओवून ठेवला. म्हटलं, आता दुसरीच कुठली दोरी आणली की पकडतो. दोन-तीन महिन्यांनी काकी आल्या, झिजलेला तुकडा टाकला आणि पिळातून तो तांबडा धागा नखाने वर काढून दाखवला.

"हो तुजो मरे?"

मी हिशोबाच्या पाटीकडे बघत बसलो. मग त्यांनी स्वतःची खूण दाखवली. मी गुंडाळी आतून आणताना बदलतो की काय, म्हणून त्यांनी गुंडाळीच्या टोकाला हळदीचं बोट लावून ठेवलं होतं. त्या दिवशी आम्ही दोघेही हसलो असतो तर बरं झालं असतं. हसलो नाही.

दोरी तीच होती, म्हणजे कप्पी खराब असणार. झिजलेल्या कप्पीची कड धारदार होते आणि दोरी खाते. मी म्हटलं, येऊन बघतो. काकींचा चेहरा एकदम बंद झाला. "घरांत कोणाक घेनां हांव." कप्प्या नव्या नेल्या, खाचेला लावायला मेणबत्त्या नेल्या, सगळं स्वतःच बसवलं, पण कुणाला आत घेतलं नाही.

यावरून बाजारात आणखी एक चर्चा सुरू झाली. काकींचे यजमान. त्यांना सगळे ओळखत होते. खाणीच्या रस्त्यावरच्या फाटकावर ते कामाला होते. रस्त्यावर आडवा लोखंडी दांडा, त्याच्या टोकाला धोंडे बांधलेले. ट्रक आला की दांड्याखाली हात घालून तो वर करायचा, ट्रक गेला की खाली. काम एवढंच, पण मिशा आणि शिट्टी अशी, की भलेभले ड्रायव्हर गाडी हळू करून त्यांना हात करत. खनिजाने भरलेला ट्रक आहे की रिकामा, हे ते वळणापलीकडून आवाजावरून सांगत. ते आजारी पडल्याचं कळलं आणि मग ते कुणाला दिसलेच नाहीत. विचारलं तर काकी म्हणायच्या, "बरे आसात." लोक म्हणू लागले, कोंडून ठेवलाय म्हाताऱ्याला. मीही मान हलवली असेन.

शिगम्याचे दिवस होते. अख्खं गाव ढोल-ताशांच्या मागे होतं, सुतार मिळणं शक्य नव्हतं. दुपारी काकी अनवाणी दुकानात आल्या. दोरी ओढली नाही, मला 'शेट' म्हटलं नाही. "चल रे, आतांच चल," एवढंच म्हणाल्या. मी पाना, पकड आणि दोरीची गुंडाळी घेऊन त्यांच्या मागून गेलो.

रस्त्याकडच्या खोलीत जनेलाला चिकटून खाट होती. खाटेवर ते होते. मिशा पांढऱ्या, उजवं अंग गेलेलं, तोंड वाकडं. एका बाजूची दोरी तुटून जनेल तिरकं अडकलं होतं, आणि त्यांचा डावा हात खालच्या पट्टीवर होता. ते ती पट्टी वर ढकलत होते, ती हलत नव्हती, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मी बाजूची पट्टी उचकटली, पोकळीचं झाकण काढलं, वजन बाहेर घेतलं. काकी माझ्या हातांवर नजर ठेवून उभ्या होत्या. वजनांवर चुन्याच्या खुणा केलेल्या होत्या, मी ती खिशात घालून नेईन की काय म्हणून. जुनी दोरी कापली, नवी कप्पीवरून घेतली, गाठ मारली. दुसऱ्या बाजूचीही बदलून टाकली. मेण घासलं आणि जनेल खाली घेतलं.

तेवढ्यात म्हाताऱ्याने मान वळवली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी पट्टीखाली हात घातला आणि जनेल सबंध वर केलं. मग वळणावर ट्रकचा आवाज आला, खनिजाने भरलेला ट्रक घरासमोरून गेला, तांबडी धूळ आत येऊन चादरीवर बसली. ट्रक पूर्ण गेल्यावर त्यांनी जनेल खाली आणलं. मागोमाग दुसरा आला. पुन्हा वर, पुन्हा खाली. मोसमात त्या रस्त्याने ट्रकांची रांग तुटत नसे, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. आणि पावसाळ्यात ते बंद असत.

दोरी कुठे जात होती ते मला कळलं. मला फार वाईट वाटलं.

"कोणाक सांगूं नाका," काकी म्हणाल्या. "लोक हांसतले तांकां."

मी म्हटलं, सांगणार नाही.

"तांकां तो एकूच हात आसा. दोरी तुटली आनी जनेल ताचेर पडलें जाल्यार?"

म्हणून ती चपलेखालची ओढाताण. म्हणून रोज सकाळी, ते उठायच्या आधी, दोन्ही दोऱ्या बोटांनी चाचपून बघणं. एवढं असून दुकानातला त्यांचा शिरस्ता काही बदलला नाही. मी गुंडाळीतला चांगला भाग त्यांच्यासाठी राखून ठेवायचो, आणि तोच त्या सर्वांत जास्त वेळ ओढून बघायच्या. चांगलं तेवढं काढून ठेवणारा दुकानदार म्हणजे दुबाव घ्यायला आणखी एक जागा.

मग खाणी बंद झाल्या. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी बोलत नाही. आमच्या बाजारावर अवकळा आली. दारात ट्रक उभे करून लोक त्यांच्या चाकांवर गवत वाढताना बघत बसले. झाडं मात्र पुन्हा हिरवी दिसू लागली. काकी बरेच महिने आल्या नाहीत, आणि मूर्खासारखा मी खूश होतो, की एकदाची दोरी टिकली.

एके दिवशी आल्या. काउंटरवर रिकामे हात ठेवून उभ्या राहिल्या.

"दोरी तशीच आसा," म्हणाल्या. "हात हालयनात ते. जेवणाकूय तोंड उगडीनात."

मी स्टूल पुढे सरकवलं, त्या बसल्या नाहीत.

"तुजो टेम्पो खंयच्यान वता?"

टेम्पो मी स्वतःच चालवायचो, माल पोचवायला, आणि तो बाजारातल्या सरळ रस्त्याने जायचा. त्यांचं घर खाणीच्या रस्त्याला, पार आडबाजूला. या बाईने जन्मात कुणाकडे काही मागितलं नसेल. मी म्हटलं, उद्यापासून तुमच्या वाटेने जातो.

"म्हाका दुबाव आसा. चार दीस येतलो आनी मागीर विसरतलो."

पहिल्या दिवशी गेलो तर जनेल हललंच नाही. फाटकवाल्या माणसाला असला किरकोळ आवाज काय फसवणार? दुसऱ्या दिवशी मागे लोखंडी पाइप आणि पत्रे भरले, वळणावर गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली आणि अख्खी आळी दणाणून सोडली. काच चकाकली. जनेल वर गेलं. मी ड्रायव्हर लोक करत तसा बाहेर हात काढला. पट्टीखाली त्या वाळक्या हाताने जनेल धरलं होतं. तेव्हापासून माझा टेम्पो रोज पत्रे घेऊन हिंडू लागला आणि चहावाल्याला माझ्या डोक्याबद्दल दुबाव येऊ लागला.

पुढे माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडीला हात लावू नको म्हणून बजावलं आणि बहीण मला वाळपईला घेऊन गेली. दुकान बंद, टेम्पो बंद. महिना उलटून गेला. तिथे पडल्या पडल्या मला एकच टोचत होतं, की म्हातारा वळणाकडे कान लावून बसला असेल आणि काकी म्हणत असतील, बघ, सांगितलं नव्हतं?

परत आलो तो दुकानही उघडलं नाही. कण्हत कण्हत पत्रे चढवले आणि वळणावर पहिला गिअर टाकला.

जनेल वर गेलं. माझा जीव भांड्यात पडला. मी हात बाहेर काढला आणि पट्टीखालच्या हाताकडे पाहिलं. तो बाईचा हात होता. मनगटावर एकही बांगडी नव्हती.

मी इंजिन बंद केलं. जनेलात काकी उभ्या होत्या, मागची खाट उभी करून भिंतीला टेकवलेली.

"इतले दीस खंय आसलो रे?"

मी पोटावर हात ठेवून ऑपरेशनचं सांगितलं. मग विचारलं, "काकी, केन्ना?"

"तूं ना आसतना. निजेंतूच गेले."

"आनी जनेल?"

"रोज बसतां हांगा. तूं येतलो हें म्हाका खबर आसलें," त्या म्हणाल्या. "दुबाव नासलो."

मागून कुणाची तरी स्कूटर हॉर्न वाजवू लागली. काकींनी मोकळ्या हाताने मला पुढे जायची खूण केली, फाटकावर ते करत तशी. मी गाडी सुरू केली. वळण घेताना आरशात पाहिलं, त्यांनी जनेल अजून वर धरलं होतं.