मी साठा पाखडला

चहा संपायच्या आत माझा एक पराक्रम ऐकून घ्या. हसायचं तर हसा. पण आधी हे ऐका, चौथी शिकलेला हा म्हातारा काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करतो! आहे का इंझोरीत दुसरा कोणी?

आमच्या अभ्यासिकेत माझ्या नातीनं, प्रज्ञानं, एक कॉम्प्युटर बसवला. गावात नेट येऊन-जाऊन. म्हणून एकदा पाहिलेलं पान, व्हिडिओ तो स्वतःजवळ राखतो. पुन्हा मागवायला नको. त्या साठ्याला ती ‘कॅश’ म्हणते. राखणदार मी. पहाटे कुलूप उघडणाराही मीच. तिनं दोन ओळी लिहून दिल्या. एकीनं यादी दिसते, दुसरीनं नको ते पुसलं जातं. एका बोटानं अक्षरं शोधत महिनाभरात शिकलो!

एके सकाळी यादी काढली. जागा भरत आली होती. प्रत्येक नावापुढं त्याचं वजन, ते कितीदा आणि कधी पाहिलं, सगळं लिहिलेलं. आता सांगा, जन्मभर सूप धरलेला माणूस काय करेल? हलकं ते फोल! हलकं सगळं पुसलं, जड राखलं. छाती फुगवून प्रज्ञाला म्हणालो, “पाखडून ठेवला पाह्य तुहा साठा!”

तिनं यादी पाहिली आणि मटकन बसली.

“आबा, हलकं काहून पुसलं? सरावाचे पेपर होते ते! कागदाले कुठं वजन राह्यते?”

दुसऱ्या दिवशी गावच्या सहा पोरींची भरतीची परीक्षा. आणि नेट दोन दिवसांपासून बंद! मी विचारलं,

“मंग आता वं?”

“आता उठा. कारंजाची एसटी धरू.”

कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन तिच्या मैत्रिणीचं घर गाठलं. नेट होतं, पण पेपर आत येईनात. जागाच नाही! प्रज्ञानं यादीतल्या सगळ्यात जड नावावर बोट ठेवलं.

“आबा, हे तर अभ्यासिकेच्या उद्घाटनाचं तुमचं भाषण व्हय. पाऊण तासाचं!”

काळजावर दगड ठेवून पुसायची ओळ मीच टाइप केली. एक अक्षर चुकलं नाही, बरं का! भराभर पेपर आले. संध्याकाळच्या आत पोरी सरावाला बसणार होत्या.

परतीच्या एसटीत प्रज्ञा हळूच म्हणाली, “आबा, पाह्यल्याबिगर तं काही साठ्यात येत नाही. ते भाषण कोणं पाह्यलं?”

“पाह्यलं असन पोरींनं.”

“सात वेळा? अन् दर खेपेस पहाटं पाचले?”