काहिलीतली मरळ

दिनांक ३० मे १९९९, रविवार. रक्कम रुपये एक्कावन्न. हजर: मी, माझे सासरे, माझा मेहुणा आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सासूबाई. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, तरी शर्तीच्या अटी शेवटी त्यांनीच घातल्या.

शर्तीचं कारण असं. पुण्यातल्या एका दुकानातून मी फायबरची काठी, दोरा गुंडाळायचं रीळ आणि प्लॅस्टिकचा एक नकली मासा आणला होता. बोटभर लांब, पाठ हिरवी, पोट चंदेरी, पोटाखाली तीन-तीन टोकांचे दोन गळ. पाण्यातून ओढला की अंग हलवत चालायचा. सासऱ्यांनी तो उलटसुलट करून बघितला, नखानं ठोकला आणि म्हणाले, "पावणं, ह्यो ज्या माश्याला खरा वाटंल त्यो जल्माचा आंधळा असंल."

"मामा, धरून दाखवतो."

"एक्कावन्न रुपयं."

"लागली."

मी बारामतीत एका पतपेढीत हिशेबनीस होतो. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि सासरी माझा उपयोग एकाच गोष्टीला व्हायचा, तो म्हणजे कारखान्याची उसाची बिलं तपासायला. बाकी माती, पाणी, जनावर यांतलं मला काही कळत नाही, असं त्या घराचं ठाम मत होतं. ते बरंचसं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबायचं. एक्कावन्न रुपयांनी मी श्रीमंत होणार नव्हतो. सासऱ्यांच्या तोंडून एकदा "पावण्याला जमलं" एवढं ऐकायचं होतं.

अडचण महिन्याची होती. तो धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या जादा महिन्यात जावयाला बोलावतात, पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, वाण देतात आणि तेवढ्या दिवसापुरतं त्याला नारायण मानतात. देवपद रात्रीपर्यंतच टिकतं, दुसऱ्या दिवशी परत बिलं. पण त्या महिन्यात घरात मासा-मटण बंद.

"सांजच्याला मी तुमचं पाय धुनार," सासूबाई म्हणाल्या, "आन् तुमी मासं मारून येनार व्हय?"

"मामी, धरायचा आहे. मारायचा नाही."

"मग जित्ता काठावर आना, ह्यास्नी दावा आन् जित्ता सोडा. मेला तर वाण न्हाय आन् धोंडं बी न्हाय. पिठलं खावा."

मेहुणा खांबाला टेकून दात काढत होता. "आई, नारायणाचा पयला अवतार मासाच की! म्हंजी दाजी आज घरच्याच मानसाला गळ टाकायला चालल्यात."

आता होडी. सासऱ्यांचं गाव उजनी धरणाच्या फुगवट्याला लागून. पाणी दारात, पण घरातल्या कोणाकडे होडी नाही. भोयांच्या होड्या लांब जाळी लावायला गेलेल्या. मग मेहुण्याला काहील आठवली. शेजाऱ्याचं गुऱ्हाळ कधीच बंद झालं होतं आणि उसाचा रस आटवायची लोखंडी काहील छपराखाली पालथी पडली होती. आठ फूट रुंद, तळ सपाट, काठ दीड फुटाचा. आमच्याकडे नदी ओलांडायला काहील पूर्वीपासून वापरतात, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. चौघांनी ती ट्रॉलीत चढवली आणि पाण्यात सोडली.

लोखंड, तेही मे महिन्याच्या उन्हात. मी आत बसलो आणि लगेच उठलो. उठलो म्हणून काहील कलंडायला लागली, म्हणून परत बसलो. शेवटी बादलीनं पाणी घेऊन गोणपाट भिजवलं आणि खाली घातलं. तरीही, ज्यात गूळ शिजतो त्यात आपण शिजतोय, ही भावना तासभर गेली नाही.

काठापासून शंभर फुटांवर बुडालेल्या बाभळींची खोडं पाण्यावर आली होती. तिथे मरळ दबा धरून बसते, एवढं मी ऐकून होतो. ती जमीन धरणाआधी सासऱ्यांचीच होती. ते काठावर छत्री उघडून बसले होते आणि तिथून ओरडले, "ती बाभळ माझ्या बांधावरची हाय! रान माझं, म्हंजी मासा बी माझा! धरला तरी शर्त मीच जितली!"

"सातबारा दाखवा!" मी ओरडलो.

पहिल्यांदा काठी फेकली आणि काहिलीचा गुण कळला. तिला पुढचं-मागचं काही नाही. हात उजवीकडून डावीकडे गेला की काहील डावीकडून उजवीकडे फिरते. नकली मासा बाभळीकडे गेला आणि माझं तोंड भिगवणकडे झालं. दोरा गुंडाळावा तशी मी स्वतःभोवती प्रदक्षिणा घालायला लागलो. माझ्यासोबत काहिलीत आलेला मेहुणा वेळूची काठी चिखलात रोवून काहील धरायचा प्रयत्न करत होता, पण हसता हसता त्याचा जोर जात होता.

"दाजी, तुमी मासं धरताय का दळण दळताय?"

बारा-पंधरा फेकींत एक बाभळीची फांदी, एक चप्पल आणि मेहुण्याची टोपी, एवढं गळाला लागलं. टोपीच्या वेळी सासरे काठावरून म्हणाले, "सोडू नगा, ती जित्ती हाय!"

मग एका खोडाजवळून नकली मासा ओढत आणताना पाणी फुटलं. काठी वाकली. दोरा सुटायला लागला आणि काहील आमच्यासकट बाभळीकडे निघाली. मेहुण्याचं हसू बंद झालं. "आयला, दाजी! हाय, हाय, खरंच हाय!" दोन-चार मिनिटं मासा आम्हाला ओढत होता की आम्ही त्याला, हे मी आजही सांगू शकत नाही. शेवटी मेहुण्यानं ओणवं होऊन दोन्ही हातांनी ती उचलली आणि आत टाकली. मरळ. काळी, सापासारख्या तोंडाची, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. गळ ओठाच्या कडेलाच बसला होता. तो मी चिमट्यानं सोडवला. मरळ कोरड्या लोखंडावर तडफडायला लागली.

माझ्या डोक्यात त्या वेळी एकच गोष्ट होती: ती मेली तर पिठलं. काठ शंभर फुटांवर आणि काहील तव्यासारखी तापलेली. मी बादली उचलली आणि काहिलीत पाणी भरायला सुरुवात केली.

नावेत आलेलं पाणी लोक बाहेर टाकतात. मी बाहेरचं आत टाकत होतो, तेही घाईनं. मेहुणा सुरुवातीला कौतुकानं बघत होता, मग पाणी त्याच्या घोट्यावर आलं. "दाजी, बास. दाजी! दाजी, आपन बी हाय ना हितं!" मासा पोहायला लागला याचा मला इतका आनंद झाला की मी आणखी दोन बादल्या ओतल्या.

काठावर सासरे छत्री टाकून उभे राहिले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून गर्जले, "आवो पावणं! मरळ हाय ती! पान्याबिगर जगती, पाटीत घालून बाजारात नेत्यात! पानी काढा, पानी!"

तोपर्यंत काहिलीचा काठ आणि धरणाचं पाणी एका पातळीला आलं होतं. आवाजसुद्धा झाला नाही. काहील सरळ, बसल्या बसल्या खाली गेली. मरळ माझ्या मांडीला शेपटी मारून स्वतःच्या घरी गेली. आम्ही छातीएवढ्या पाण्यात, गुडघाभर चिखलात उभे होतो आणि माझ्या हातात बादली होती.

काठाला लागल्याबरोबर मी म्हणालो, "मामा, मरळ."

"कुठली मरळ?" त्यांनी छत्री झटकली.

"तुम्हीच ओरडलात, मरळ आहे म्हणून!"

"मला वाटलं असंल मरळ. लांबून काय दिसतंय, म्हातारी नजर. काठावर आली का? न्हाय. द्या एक्कावन्न."

मी मेहुण्याकडे बघितलं. त्यानं चिखलातली टोपी पिळली आणि गंभीरपणे म्हणाला, "दाजी, मला बी नीट दिसलं न्हाय. डोळ्यात पानी गेल्तं."

अट काठावर आणायची होती आणि ती मोडली होती, हे मला मान्य होतं. मी पाकीट काढलं, नोटा ओल्या होत्या. पण तेवढ्यात काठावर येऊन पोचलेल्या सासूबाई मध्ये पडल्या. धोंड्यात जावयाकडून पैसा घेतला तर मी आठ दिवस चूल पेटवणार नाही, असं त्यांनी नवऱ्याला सुनावलं. मासा जिवंत सुटला म्हणून माझे पाय धुतले गेले आणि धोंडे मिळाले. काहील ट्रॅक्टर लावून काढली आणि परत पोचवली. सासरे दिवसभर माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलले.

दिवेलागणीला गुऱ्हाळाचे मालक आले. चहा घेतला आणि म्हणाले, "आबा, काहील घासून घ्यायला पायजे. गुळाच्या भांड्यात मासा टाकल्यावर गिऱ्हाईक काय म्हनंल? दोन बायकांची मजुरी द्या."

मी म्हणालो, "पण मासा नव्हताच. मामांना विचारा."

"असं कसं?" मालक म्हणाले. "दुपारपस्नं पारावर हेच की सांगत्यात! माज्या जावयानं पलाष्टिकच्या माश्यावर हाताएवढी मरळ काढली, अख्ख्या तालुक्यात कुनाला जमलं न्हाय म्हनून. आता तर हाताची मांडी झालीया."

 मेहुणा उठून गोठ्यात गेला, तिथून त्याचं हसणं ऐकू येत होतं. सासऱ्यांपुढे दोनच वाटा होत्या: मासा नव्हता म्हणावं तर पारावर खोटं ठरायचं, होता म्हणावं तर माझ्यासमोर. त्यांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग कोपरीच्या खिशात हात घातला.

"मजुरी साठ हुतीया," मालक म्हणाले.

"एक्कावन्नच हाईत," सासरे माझ्याकडे न बघता म्हणाले. "शर्तीचं काढून ठिवल्यालं."

रुपये एक्कावन्न, सासऱ्यांकडून, गुऱ्हाळाच्या मालकाला, रोख.