हरभऱ्याची आंब

सकाळी रानात आले की आबा आधी वाकायचे, हरभऱ्याच्या शेंड्यावरून बोट फिरवायचे आणि ते जिभेला लावायचे. डोळे मिटून क्षणभर थांबायचे. मग म्हणायचे, "जागं हाय." तोवर कुणी रामराम घातला तरी उत्तर मिळायचं नाही.

हरभऱ्यातून अनवाणी चालला असाल, तर पायाच्या भेगा कशा चुरचुरतात ते तुम्हालाही ठाऊक असेल. पानांवरच्या बारीक केसांतून एक आंबट रस पाझरतो. आमच्याकडे त्याला आंब म्हणतात. आबांच्या मते ती हरभऱ्याची स्वतःची राखण होती. "अळी पान चाखती अन् तोंड वाकडं करून राहती," असं म्हणून ते स्वतःच अळीसारखं तोंड करून दाखवायचे.

ही निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे आबांचं आणि आमचं रान बांधाला बांध लागून होतं. मी नुकताच शेती बघू लागलो होतो. आबांच्या बायकोला, आम्ही तिला मावशी म्हणायचो, पोटशूळ होता. आंब पाण्यात कालवून दोन घोट घेतली की तिला उतार पडायचा. म्हणून आबा पहाटे तिचं जुनं लुगडं हरभऱ्यावर पसरत आणि दवानं भिजलं की मडक्यात पिळून घेत.

"आबा, राखणदाराचीच काठी काढून घेता अन् अळ्या माझ्या रानात धाडता," मी टोमणा मारायचो.

"एका ओळीतून लागोपाठ न्हाई घेत, गड्या. पुन्हा पाझरू देतो," ते म्हणत. "अन् तुह्या रानातली दर अळी माह्याच घरची का?"

त्या वर्षी हरभऱ्याच्या शेंगा, म्हणजे घाटे, भरायच्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला. पानांवरची आंब धुऊन गेली. आबांनी बोट चाखलं आणि ते थुंकले. "निस्तं पाणी." पाठोपाठ अळ्या दिसू लागल्या. नेमकं तेव्हाच मावशीचा पोटशूळ उठला आणि घरातलं मडकं रिकामं होतं. आबा अळ्या वेचत, मधेच बोट जिभेला लावत, पुन्हा वेचत.

एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "आली रे! थोडीच हाय, पर आली."

ती काढून घेतली तर पीक उघडं पडणार होतं, आणि त्या हरभऱ्यावरच त्यांच्या घरचं वर्ष निघायचं होतं.  तरी आबा लुगडं पसरू लागले. तेवढ्यात बांधावरून मावशी आली, एक हात पोटावर, कमरेत वाकलेली.

"काहून पसरून राहिले?"

"तुला तकलीफ हाय म्हणून."

"अन् अळीनं घाटे खाल्ल्यावर लेकरायच्या तोंडात काय घालता, हे लुगडं?"

"एकच ओळ घेतो."

"एकबी न्हाई. मला दुखायची सवय हाय. हरभऱ्याला न्हाई."

तिनं लुगडं ओढून गोळा केलं, काखेत धरलं आणि तिथंच बसून अळ्या वेचू लागली. मी म्हणालो, "माझ्या रानात पसरा की." पण तोवर दोघांची पाठ फिरली होती आणि मी पुन्हा म्हणालो नाही. माझेही घाटे भरत होते. आज पन्नाशीलाही ते मला टोचतं.

कळ आली की मावशी जमिनीला हात टेकायची. आबा तिच्याकडे न बघता बोलत राहायचे, "ही बघ केवढी! तुह्या भावासारखी खादाड." ती दात आवळून हसायची.

पीक चांगलं आलं. मावशीनं खळं पाहिलं आणि उन्हाळ्यात ती गेली. आंब मिळाली असती तर राहिली असती का, मला माहीत नाही. 

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी रानभर करडई पेरली.

"आबा, हरभरा न्हाई?"

"हिला काटे हायत," ते म्हणाले. "हिची राखण काढून घ्यावी लागत न्हाई."

करडई काढणीला आली तेव्हा आबा नव्हते. थोरल्या लेकीनं त्यांना आणि लेकरांना आपल्या सासरी, कळमनुरीला, नेलं होतं, तिथंच ते वारले. पायांना फडकी गुंडाळून आम्ही शेजाऱ्यांनीच ती काढली. रानात शिरताना जो तो काट्यांना शिव्या देत होता. मी दिल्या नाहीत.