अंगणात पीस सापडेना

पांढऱ्या कोंबडीची पाठ उघडी पडत चालली होती आणि अंगणात पीस म्हणून सापडत नव्हतं. अंगण झाडायचं काम माझ्याकडे होतं, त्यामुळे हे सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. पिसं गळतात तर ती कुठेतरी पडायला हवीत. मी खुराड्यामागे, मोरीपाशी, तुळशीच्या कट्ट्याच्या कडेनं केरसुणी फिरवून पाहिली. कढीपत्त्याची पानं निघाली, पतंगाचा कागद निघाला. पीस नाही.

आमच्या घरात कोंबड्या कशा, हे आधी सांगायला हवं. चिक्कडपल्लीतलं आमचं घर तीन पिढ्या सरकारी नोकरी आणि वकिली करणाऱ्यांचं. चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. पण उदारीकरणाची हवा सुटली आणि बाबांच्या सरकारी कारखान्याला माणसं जड झाली. बाबांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यात स्वेच्छा कोणाची होती हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. पन्नाशीचा धडधाकट माणूस रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून व्हरांड्यात बसायचा आणि कुठेही जायचा नाही.

तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडची खाला सिकंदराबादला लेकीकडे राहायला निघाली. तिथं वरचा मजला, कोंबड्या नेता येईनात. मी सांभाळतो, असं बाबा म्हणून बसले, आणि आम्ही काही बोलायच्या आत सहा कोंबड्या भिंतीवरून आमच्याकडे आल्याही. आईनं दोनच अटी घातल्या. मांसमच्छी फाटकाच्या आत येणार नाही. आणि यातली एक जरी आपल्या अंगणात मेली, तर उरलेल्या त्याच दिवशी परत. बाबांनी दोन्ही मान्य केल्या. नोकरी गेल्यापासून त्यांनी स्वतःसाठी मागितलेली ती पहिलीच गोष्ट होती. ती त्यांच्या हातून जाऊ नये असं मला फार वाटायचं.

कोंबड्यांना आमच्या घराचं वळण लावण्यात आलं. वरणभात, पोळीचे तुकडे, भाजीची देठं. एकादशीला वरीचे तांदूळ. ज्या घरी राहायचं त्या घरचं खायचं, असं आईचं म्हणणं. अंगण सगळं शहाबादी फरशीचं. उघडी माती होती ती फक्त कढीपत्त्याच्या बुडाशी, दोन हात रुंद. तिथं आईची देवाची जास्वंद होती, म्हणून बाबांनी त्या तुकड्याभोवती विटा रचून जाळी ठोकली. इतक्या स्वच्छ ठेवलेल्या कोंबड्या अख्ख्या हैदराबादेत नसतील. अंडी आम्ही गल्लीत वाटून टाकायचो.

पिसं नाहीशी होतात म्हटल्यावर दुपारच्या चहाला येणाऱ्या आत्यानं आवाज खाली आणून भानामतीचं नाव काढलं. आमच्या नातेवाइकांत एखादी गोष्ट समजेनाशी झाली की ती भानामतीच असायची. बाबा हसले, पण आईनं खुराड्याला लिंबू-मिरची बांधली. दुसऱ्या दिवशी लिंबू तेवढं उरलं होतं. मिरच्या कोंबड्यांनी खाल्ल्या होत्या.

मग एका रणरणत्या दुपारी मी मोरीच्या आडोशाला बसून राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग दोन तांबड्या आणि एक काळी अशा तिघी पांढरीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. एकीनं मान पुढे केली, शेपटीजवळचं एक पीस धरलं, ओढून काढलं आणि शेवई गिळावी तसं गिळून टाकलं. मग दुसरीनं. एरवी दाणा टाकला तरी अंगण डोक्यावर घेणारी ही जात, पण त्या वेळी एकीच्याही तोंडून आवाज नाही. आणि पांढरी पळाली नाही. मान खाली घालून, डोळे अर्धे मिटून उभी राहिली, जणू कुणी तिची वेणी घालत होतं. त्या चोचींपेक्षा मला तिच्या त्या उभं राहण्याचीच जास्त भीती वाटली. मी हाततोंड न धुताच घरात पळाले.

बाबा सरकारी पशुदवाखान्यात जाऊन आले. येताना जांभळं औषध आणि देवघरात असतो तसला झिरोचा लाल बल्ब घेऊन आले. रक्ताचा रंग दिसला की चोच थांबत नाही, त्यांनी आम्हाला समजावलं. लाल उजेडात सगळंच लाल, मग कुणाला काही दिसत नाही. पांढरीच्या पाठीला औषध फासलं, खुराड्याला चारी बाजूंनी गोणपाटं लावली, आत बल्ब सोडला आणि सहाही जणींना आठवडाभर आतच ठेवायचं ठरलं.

चार दिवस विलक्षण शांततेत गेले. गोणपाट जरा बाजूला करून मी डोकावायची. आत सहा लाल कोंबड्या. त्यांतली पांढरी कुठली हे चटकन कळायचं नाही. जखम दिसायची नाही, औषधाचा डाग दिसायचा नाही. मी डोकावले की सहाही जणी मान वाकडी करून एकेका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहायच्या. बाबा खूश होते. "बघ, कशा शांत झाल्या," ते म्हणायचे. आई त्यांचा चहा खुराड्यापाशी नेऊन द्यायला लागली होती. तिसऱ्या दिवशी मला आतून गंजक्या बादलीसारखा वास आला. मी बोलले नाही. बाबा कितीतरी महिन्यांनी गुणगुणत होते, आणि ते थांबलेलं मला नको होतं. याची लाज मला आजही वाटते.

पाचव्या दिवशी सकाळी खाला भेटायला आली. तिनं गोणपाट उचललं, आत हात घालून पांढरीला काढलं आणि उन्हात आणलं. उन्हात आम्हाला ते दिसलं. पाठ उरलीच नव्हती. त्या चार दिवसांत लाल उजेडात कोंबड्यांना काही दिसलं की नाही कोण जाणे. आम्हाला मात्र दिसलं नव्हतं.

"क्या खिलारै साब इनकू?" खालानं विचारलं.

बाबांनी सगळं सांगितलं, वरीच्या तांदळांसकट.

"तुम नै खाते, नको खाओ. मगर इनकू कीडा होना, मछली होना. नै मिले तो एक दूसरे कू खातें. डाक्टर नै बोला?"

बाबांची मान खाली गेली. डोळे अर्धे मिटले. तसं उभं राहणं मी आधी पाहिलं होतं.

"बोला था," ते म्हणाले.

आई दारात उभी होती. मग मला का नाही सांगितलंत, तिनं विचारलं. "मी शब्द दिला होता," बाबा म्हणाले. "तू नाही म्हणाली असतीस, आणि या गेल्या असत्या. मग मी काय करायचं होतं दिवसभर?"

आईनं चपला घातल्या आणि खालाबरोबर रिक्षात बसून निघून गेली. परतली ती दुपार कलल्यावर, अफझलगंजहून, एकात एक तीन पिशव्यांत बांधलेली सुकी मच्छी घेऊन. नाकाला पदर लावून ती फाटकातून आत आली तेव्हा पांढरी बाबांच्या मांडीवर मरून तासभर झाला होता. बाबांनी उरलेल्या कोंबड्या न्यायला टोपली काढून ठेवली होती.

"टोपली कशाला?" आई म्हणाली.

"एक मेली."

आईनं मांडीवरच्या कोंबडीकडे पाहिलं, मग खुराड्याकडे. "आपल्याकडे पाचच होत्या," ती म्हणाली. "पाच आहेत."

"सहा होत्या," बाबा म्हणाले.

"पाचच होत्या."

बाबांचा चेहरा मला बघवेना. आईनं स्वतः जाळी उचकटली, जास्वंदीच्या बुडाशी खणलं आणि दिवेलागणीच्या आत पांढरीला पुरलं. अंगणात दुसरी माती नव्हती. मग गोणपाटं काढून तिनं लाल बल्ब विझवला आणि फाटकाबाहेर बसून दगडानं मच्छी कुटली.

सकाळी कोंबड्यांनी ती पोटभर खाल्ली. मातीही आता त्यांना मोकळी, आई म्हणाली. पाचही जणी उघड्या मातीकडे गेल्या आणि एकच जागा उकरू लागल्या. आवाज नाही. बाबांनी हाकललं, त्या फिरून तिथेच आल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बाबांनी मोरीजवळची एक फरशी उचकटली आणि त्या जागेवर नीट बसवली. आईनं त्यांच्या हातावर पाणी घातलं. फरशी कशाला, असं घरात कुणी विचारलं नाही. आमच्याकडे पाचच होत्या.