चित्र क्रमांक सात

आमची ही सव्वीस वर्षं एका कारखान्यात मॅन्युअल तयार करते आहे. पत्रे कापायची यंत्रं बनतात तिथे. ती जाडजूड पुस्तकं कुणी वाचत नाही, असं लोक म्हणतात. अपघात झाला की मात्र सगळ्यांना वाचता येतं.

पूर्वी ती चित्रं कापून, खळ लावून चिकटवायची. आता मजकूर एक्सएमएल नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत असतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा हिनं भांडी विसळता विसळता समजावलं होतं. "मजकुरात चित्र नसतंच हो. ते कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेवढा पत्ता असतो. पुस्तक बनवताना प्रोग्रॅम त्या पत्त्यावर जातो आणि चित्र उचलून आणतो." प्रत्येक यंत्राचं फोल्डर वेगळं, आत चित्र एक, चित्र दोन. आणि प्रोग्रॅमला हिची सक्त ताकीद: पत्त्यावर चित्र नसेल तर तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही.

मग नवे साहेब आले. आल्या आल्या त्यांनी फोल्डरांची साफसफाई काढली. नावं बदलली, पत्ते मोडले, आणि प्रोग्रॅम पावलोपावली अडू लागला. साहेबांना अडणं कसं चालणार? त्यांनी हुकूम सोडला, की पत्त्यावर नसेल तर त्याच नावाचं चित्र दुसरीकडे सापडेल ते घ्या. हिनं लेखी कळवलं, चित्र सात प्रत्येक यंत्राला आहे, भलतंच लागेल. पानं तपासायला दोन दिवस मागितले. उत्तर आलं, "ताई, कॉम्प्युटर आपल्यापेक्षा हुशार असतो." उंटावरचा शहाणा मेला. दोन दिवस काही दिले नाहीत.

लागलं भलतंच. लहान यंत्राचा दांडा वर केला की वीज बंद होते, मोठ्याचा खाली ओढला की. मोठ्याच्या पुस्तकात लहानाचं चित्र सात छापलं गेलं. मजकूर बिचारा बरोबर होता: दांडा चित्रात दाखवल्याप्रमाणे ठेवा. एका कामगारानं तसा ठेवला, आत हात घातला आणि दोन बोटं गमावली.

साहेबांनी हिला बोलावलं. चौकशी कसली, कागद आधीच टाइप केलेला होता: चूक माझी आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी. ती कागद पिशवीत घालून घरी आली तेव्हा मी म्हणालो, "तू लेखी दिलं होतंस ते मार त्यांच्या तोंडावर. निवृत्तीला पाच महिने उरलेत, आता डाग लावून घेणार?"

"ती पुस्तकं अठ्ठावीस ठिकाणी गेलीत," ती म्हणाली. "दिवसभर फोन केले. कंपनीचं पत्र आल्याशिवाय यंत्र थांबवायला कुणी तयार नाही. आणि साहेब म्हणतात, चौकशी संपल्याशिवाय पत्र जाणार नाही. मी भांडले तर दोन महिने. सही केली तर उद्या सकाळी."

माझं डोकंच फिरलं. लोकांची बोटं ओलीस ठेवून हा माणूस आपली खुर्ची राखणार, आणि वर शिक्का आमच्या हिच्या नावावर! मी नको नको ते बोललो. साहेबांना बोललो, कंपनीला बोललो, शेवटी तिलाही बोललो. म्हटलं, एवढी गरीब गाय होऊ नकोस.

तिनं मला बोलू दिलं. मग टेबलावरच्या माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मी तीस वर्षं लेथवर काढली, त्या हाताचं पहिलं बोट एका पेराचंच उरलंय.

"तुमच्या आधी त्याच लेथवर अजून एकाचं बोट गेलं होतं ना," ती म्हणाली. "तेव्हा कुणी असं पत्र पाठवलं असतं तर?"

मी उठून पेन आणून दिलं. तिनं रागारागानं सही केली, तारीख मी घातली.