धक्क्यावरचा मापाचा खांब

त्यांचं खरं नाव बंदराच्या कचेरीतल्या हजेरीपटात असेल तेवढंच. बाकी सारं गाव त्यांना दोरीकाका म्हणे. घराबाहेर पडताना खांद्यावर दोरीचं वेटोळं आणि हातात शिशाचं वजन असल्याशिवाय काकांना कोणी पाहिलंच नव्हतं. नदीच्या मुखाशी पाणी किती खोल आहे ते मोजायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं केलं आणि मन लावून केलं.

शिशाच्या बुडाला एक खळगा असे. त्यात काका साबण भरत. वजन तळाला टेकलं की तिथली माती साबणाला चिकटून वर येई. ती ते चिमटीत घेत, बोटांत चोळत, आणि तरीही शंका राहिली तर दाताखाली धरत. कचकच लागली तर रेती, लोण्यासारखी विरघळली तर गाळ.

"घरातला साबण जातो कुठे म्हणून मी मोलकरणीवर संशय घेतला," काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "आणि साहेब नदीला आंघोळ घालून येतात!"

ही नदी समुद्राला एका तोंडाने मिळत नाही. मिळण्याआधी तिला फाटे फुटतात आणि फाट्यांच्या मधे गाळाची सपाट बेटं आहेत. लेक लहान असताना तिने विचारलं होतं, की एका नदीला इतकी तोंडं कशाला? काकांनी तिला सांगितलं ते काकूंना आजही पाठ आहे.

"बाजारातून दमून आलेली बाई उंबऱ्याशी आली की काय करते? आधी जड पिशवी खाली टाकते. मग हलकी घेऊन दोन पावलं आत जाते आणि तीही टाकते. नदीचं तसंच. समुद्रापाशी आली की तिचा जोर सरतो. रेती जड, ती तोंडाशीच टाकते. माती हलकी, ती पुढे नेऊन टाकते. वर्षानुवर्षं तिथेच टाकत राहिली की उंबरा अडतो. मग बाईसाहेब दुसऱ्या दाराने जातात."

"टाकून पसारा करणारी बाई मी तरी पाहिली नाही," काकू आतून म्हणाल्या होत्या. "ते काम पुरुषांचं."

तर नदीने दुसरं दार धरायला सुरुवात केली होती. पाण्याचा मोठा लोंढा आता बेटाच्या पलीकडच्या नव्या तोंडाने जाऊ लागला होता, आणि गावाच्या बाजूचं जुनं तोंड हळूहळू भरत होतं. या जुन्या तोंडातूनच बेटावर जाणारी लाँच चालते. लेक त्याच बेटावर दिलेली. लाँचने वीस मिनिटांची वाट. लाँच बंद झाली तर वरच्या पुलाने वळसा घालून अर्धा दिवस.

कचेरीचा नियम साधा होता. सगळ्यात खालच्या ओहोटीलाही वाटेत सहा फूट पाणी पाहिजे. कमी भरलं तर आधी ताकीद, मग लाँच बंद. तीन वर्षांपूर्वी काकांच्या वहीत सहा फूट चार इंच होतं, दोन वर्षांपूर्वी सहा फूट एक, गेल्या वर्षी पाच फूट दहा. कचेरीतून कागद आला: यंदाच्या मोजणीतही सहाच्या खाली आलं, तर पुढल्या महिन्यापासून लाँच थांबवावी.

काकांनी मोजलं. पाच फूट सात.

जेवायला बसल्यावर काकूंनी वाढता वाढता विचारलं, "लिहिलंत?"

"अजून नाही. उद्या पक्कं करून लिहीन."

"म्हणजे लेकीची वाट तुमच्याच दोरीने बांधायची."

"मी काय करू? आकडा फुगवू? रात्री अडकली लाँच गाळात, तर त्यात माणसं असतात."

देवाला त्यांनी रोज लेकीसाठी मागितलं होतं, पण खोटा आकडा कधी मागितला नव्हता. ताट उचलून काकू आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर लाँचच्या तांडेलाने काकांना गाठलं. तांडेल म्हणजे लाँच चालवणारा, बोलायला तिखट माणूस.

"काका, तुमची वही म्हणते माझा तळ घासायला हवा. आज पूर्ण ओहोटीला मी बांबू घालून पाहिला. साडेसहा फूट लागलं."

"तुझा बांबू आणि तुझी जीभ, दोन्ही गरजेपेक्षा लांब."

"बांबू मोजून घ्या हवं तर!"

"अरे, सव्वीस वर्षं मी हा खांब वाचतोय. खांब खोटं बोलत नाही."

हा खांब म्हणजे धक्क्याच्या टोकाला रोवलेला मापाचा खांब. त्यावर फूट आणि इंच रंगवलेले. शून्याची खूण म्हणजे सगळ्यात खालची ओहोटी. काका दोरीने तळ मोजत, त्याच वेळी खांबावर पाणी कुठवर चढलंय ते बघत आणि तेवढं वजा करत. उरे ती ओहोटीची खोली. दरवर्षी खांबाचे आकडे ते स्वतःच्या हाताने रंगवत, पोराच्या कपाळाचा घाम पुसावा इतक्या निगुतीने.

तांडेल हात उडवून गेला. काका दुपारी घरी आले ते फुरंगटून. काकू नुकत्याच धक्क्याच्या पायऱ्यांवर चादरी धुऊन आल्या होत्या आणि पदर पिळत होत्या.

"भिजलीस कशी एवढी?"

"चौथ्या पायरीवर बसले, विसरून. लेक लहान होती तेव्हा भरतीला तिला चौथीवर बसवायचे, पाऊलसुद्धा भिजायचं नाही तिचं. आता बसलं की लुगडं भिजतं."

"पाणी वाढलंय. खांबावर मला दिसतंय ना, दरवर्षी थोडं थोडं."

"मग दीपगृहाखालच्या खडकावरही वाढलं असेल," काकू म्हणाल्या. "तिथली कालवं मात्र अजून तिथंच चिकटलेली आहेत. मागच्या महिन्यात गेले होते ना मी. जिथवर पाणी, तिथवर कालवं. माझ्या लग्नात होती तिथेच आहेत."

काका चहा प्यायचे थांबले.

खडकावर भरतीच्याही वर बारा फुटांची एक रेघ कोरलेली होती. काकांना हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी ती कोरली होती, आणि धक्क्यावरचा खांब तिच्याशी जुळवूनच रोवला होता. "दरवर्षी एकदा दोन्हीकडचं पाणी ताडून बघायचं," असं त्यांनी बजावलं होतं. काकांनी पहिली तीन वर्षं ताडलं. तिन्ही वेळा तंतोतंत. मग दीपगृहाकडची पाऊलवाट ढासळली, होडीने जावं लागे, आणि काकांनी मनाशी म्हटलं, जुळतंय की! चौथ्या वर्षी गेले नाहीत. पाचव्या वर्षी आठवणही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भरती होती. काका तांडेलाच्या छोट्या होडीतून खडकाशी गेले. काकू धक्क्यावर खांबापाशी उभ्या राहिल्या, हातात फोन.

"पाणी थांबलं बघ," काका फोनवर ओरडले. "आता सांग. किती?"

"अकरा फूट दोन इंच."

"नीट बघ."

"मला आकडे कळतात हो. तुमच्याच हातचे रंगवलेले आहेत, वाकडे असले तरी."

काका गुडघाभर पाण्यात उभे राहून रेघेपासून खाली पाण्यापर्यंत मोजत होते. एक फूट सात, म्हणजे पाणी दहा फूट पाच. पुन्हा मोजलं. दहा फूट पाच.

तांडेलाने वल्हं मांडीवर घेतलं. "नऊ इंच," तो हलकेच म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात तिखट काही नव्हतं.

खडक हलत नाही. हलला होता तो धक्का. नदीने आणून टाकलेल्या गाळावर धक्का बांधलेला आणि त्या गाळातच खांब रोवलेला. ओला गाळ वजनाखाली दबतो, वर्षाला सुतासुताने बसत जातो. नवा गाळ अंगावर पडत राहिला तर बसलेलं भरून येतं, पण नदीने तोंड फिरवल्यापासून इकडे तो कमी झाला होता. नवा गाळ येई तो वाटेच्या तळाशी साचे, धक्क्याच्या बुडाशी नव्हे. खांब खाली जात होता, आणि काकांना वाटत होतं पाणी वर येतंय. जे नऊ इंच वजा करायला नको होते, ते दरवर्षी वाढत्या हाताने वजा होत गेले.

पाच फूट सात नव्हे. सहा फूट चार.

धक्क्यावर काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून काय ते ओळखलं आणि हात जोडले. "देवा, उशिरा का होईना, दाखवलंस."

"तुला आनंद झालाय. मला तेवीस वर्षांच्या वह्या चुकीच्या लिहिल्या म्हणून सांगायचंय."

"मग सांगा. चूक लपवून देवापुढे बसता येत नाही."

कचेरीतले साहेब वयाने काकांच्या लेकीएवढे होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि नेमकं तेच विचारलं ज्याची काकांना धास्ती होती.

"काका, लाँच थांबवायचा कागद गेल्यावरच खांब खचलेला सापडला. तुमची मुलगी बेटावर असते ना?"

"असते."

"लोक काय म्हणतील?"

"जे तुम्ही म्हणालात तेच. म्हणून माझं माप धरू नका. दुसऱ्या बंदरातला माणूस बोलवा. खडकापासून मोजू दे. मी त्या दिवशी होडीतही बसणार नाही."

"आणि जुन्या वह्या?"

"प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मी लिहून देतो, की चौथ्या वर्षापासून खांब ताडला नाही. माझ्या आळसामुळे. सही करून देतो."

साहेबांनी पेन पुन्हा उचललं. "तुम्हाला याची शिक्षा होऊ शकते."

"व्हायलाच पाहिजे."

शिक्षा झाली. निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना काकांना मोजणीवरून काढून कचेरीत बसवलं, फायलींना दोरे बांधायला. तांडेल म्हणाला, "शेवटी दोरी काही सुटली नाही काकांची!" काका हसले, पण पहिला आठवडा त्यांना जड गेला.

दुसऱ्या बंदरातून मोजणारी बाई आली. दोन दिवस खडक आणि धक्का करत राहिली. तिचा आकडा आला सहा फूट चार. लाँच चालू राहिली.

त्या रविवारी लेक आली. धक्क्यावर उतरताच तिने बाबांना मिठी मारली आणि म्हणाली, "जिंकलात की!"

"कसलं जिंकलो? गाळ थांबलाय का? तो वर्षाला दोन-तीन इंच भरतोच आहे. चार इंच हातात आहेत. एक वर्ष धर, फार तर दोन. मग ही वाट खरंच बंद होणार, आणि तेव्हा मी काय, कोणीच काही करू शकणार नाही."

लेकीचा चेहरा उतरला. काकू रागावल्या. "पोरीला घरात तरी येऊ द्या!"

"आत्ताच सांगतो. नाहीतर वर्षभर गोड गोड बोलत राहू आणि मग रडत बसू."

लेक पायरीवरच बसली, चौथीवर नाही, पाचवीवर. मग म्हणाली, "सासरे म्हणतात, बेटाच्या पलीकडे नव्या तोंडाशी रेतीचा पट्टा वर आलाय. यंदा त्यावर गवतही धरलंय. तिथे धक्का मागायचा विचार चाललाय सगळ्यांचा."

काका एकदम तिच्याशेजारी येऊन बसले. "गवत धरलं म्हणजे जमीन झाली असं नाही. कालची रेती ती! त्यावर दगडी धक्का बांधाल तर दहा वर्षांत याच्यासारखाच खाली बसेल. तरता धक्का मागा. पिंपांवर फळ्या टाकून केलेला. जमीन बसली तरी तो पाण्याबरोबर वर राहील."

"मग अर्ज तुम्हीच लिहून द्या, बाबा."

"मी नाही. माझ्या सहीला आता वजन नाही. तू लिही, बेटावरच्या सगळ्यांच्या सह्या घे. मी सांगतो काय लिहायचं ते."

काकूंनी घरातून वही आणि पेन आणून दिलं. लेकीने वही मांडीवर घेतली. लाँच परत निघायला अजून पाऊण तास होता.

"लिही," काका म्हणाले. "नव्या तोंडाशी ओहोटीला पाणी किती, हे आधी खडकापासून मोजून मिळावं. हे पहिलं. आणि ते दरवर्षी ताडून बघावं. हे दुसरं. दुसऱ्याखाली रेघ ओढ."

लेकीने रेघ ओढली.

"दोनदा ओढ," काका म्हणाले.